औलिसच्या कॉफीतली पूड

मी एक डब्यातली पांढरी पूड आहे, मित्रांनो. वास नाही, चव नाही. फिनलंडच्या स्प्रूस झाडांच्या लाकडाचा लगदा केला, त्यातल्या सेल्युलोजपासून मला घडवलं. माझी भावंडं कुणी आइस्क्रीमात गेली, कुणी रंगात, कुणी भिंतीचा कागद चिकटवायच्या खळीत. काम सगळ्यांचं एकच, पातळाला दाट करायचं.

आमच्या घराण्यात एक खोड होती. पाण्यात पडलं की गुठळ्या व्हायच्या. बाहेरून चिकट, आत कोरडं ठणठणीत. म्हणून कारखान्यात माझे सच्छिद्र दाणे केले. पाणी थेट आत शिरतं आणि मी चटकन विरघळते.

मी आले तळ्याकाठी, केर्त्तूबाईंच्या स्वयंपाकघरात. त्यांचा नवरा औलिस अर्धांगवायूतून उठला होता, पण काही पातळ प्यायला की घोट श्वासनलिकेत जाई. डॉक्टर म्हणाले, दाट करूनच द्या. आधीच्या पुडीने कॉफीत गुठळ्या तरंगत. औलिसने कप ढकलला. पुढे पाणीही नको म्हणू लागला. ओठ सुकले. पुन्हा इस्पितळात न्यायची वेळ आली होती. केर्त्तू बिचारी त्याच्यासमोर नको म्हणून स्वतःची कॉफी लाकडांच्या खोपटात जाऊन चोरून पिई.

घरी येणारी नर्स इंकेरी मला घेऊन आली.

"काकू, ढवळता ढवळता भुरभुरवा आणि जरा थांबा. पातळ दिसली म्हणून आणखी घालू नका हं!"

पण केर्त्तूला धीर कुठला! इंकेरीची पाठ वळताच तिने आणखी दोन चमचे घातले. थोड्याच वेळात कपात चमचा ताठ उभा राहिला.

औलिसने वाकून पाहिलं. "केर्त्तू, गोठलेल्या तळ्याच्या बर्फात पाडतो तसं हिच्यात भोक पाडून मासे धरू का?"

किती तरी दिवसांनी तो चेष्टा करत होता. केर्त्तू हसता हसता खुर्चीत बसली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या कपात तिने मला मोजून घातलं, ढवळलं आणि हात मांडीवर ठेवून थांबली. मी मधासारखी सलग उतरले. औलिसने घोट घेतला. ठसका नाही.

"कडू आहे," तो म्हणाला.

"पूड?" केर्त्तू दचकली.

"कॉफी गं. तू नेहमीच कडू करतेस. ओत अजून. आणि तुझा कप आण खोपटातून. मला काय वास येत नाही?"

केर्त्तू लाजून लाल झाली, पण कप घेऊन आली.

आता शेजारचा तैस्तोही वेलदोड्याचा गोड पाव घेऊन रोज टपकतो. आपला कप संपवून तो दाराकडे बघू लागला की केर्त्तू त्याला दटावते, "बस रे! औलिसचं व्हायचंय अजून."

मित्रांनो, माझ्या डब्यात ओला चमचा घालू नका, झाकण घट्ट लावा, एवढी काळजी मला पुरते. आणि कुणाला गिळायला वेळ लागत असेल, तर घड्याळ बघू नका. समोर बसा. त्याचा घोट उतरू द्या, मग तुमचा घ्या.