माझंच चुकलं

लग्न होऊन या घरात आल्यापासून धाकटीला भांडण मिटवायची एक युक्ती सापडली होती. भांडण कुणाचंही असो, ती म्हणायची, "माझंच चुकलं." सासूबाईंनी दूध गॅसवर ठेवून विसरावं, ते उतू जावं आणि चूक धाकटीने पदरात घ्यावी. घरात शांतता हवी तर कुणीतरी नमतं घ्यावं लागतं, आणि घरात सगळ्यात शेवटी आलेल्या माणसावर ती पाळी हटकून येते.

हीच सवय घेऊन ती धुलाईच्या कारखान्यात कामाला लागली. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी तिथे धुऊन झाल्या की दोन तापलेल्या रोलरांमधून इस्त्री होऊन बाहेर पडायच्या. रोलरांच्या तोंडाशी एक आडवी दांडी होती. हात जास्त पुढे गेला की तो दांडीला लागायचा आणि मशीन थांबायचं. पण चादर जरा गोळा झाली तरी मशीन थांबायचं आणि काम खोळंबायचं. म्हणून मुकादमाने चिंधीने ती दांडी वर बांधून टाकली होती. मालक रोज तिथूनच जायचे, पण डोळ्यांवर कातडं ओढून घेतलेल्या माणसाला चिंधी कशी दिसणार?

एका दुपारी ओल्या चादरीचा कोपरा दुमडला. धाकटी तो सरळ करायला गेली आणि चादरीबरोबर तिचा उजवा हात आत ओढला गेला.

आता त्या हाताची तीन बोटं वळत नव्हती. आणखी एक ऑपरेशन केलं तर फरक पडेल, असं डॉक्टर म्हणत होते. मालकांनी मात्र हात वर केले. त्यांचे दोन्ही धड होते. "तिनेच सगळ्यांसमोर चूक कबूल केलीय," ते म्हणाले, आणि प्रकरण कोर्टात गेलं.

"असं म्हणाला होतात का तुम्ही?" वकीलबाईंनी विचारलं.

धाकटी मान खाली घालून म्हणाली, "म्हणाले. हात आत होता आणि मुकादम ओरडत होते. ते थांबावेत म्हणून म्हणाले. पुढचं काही आठवत नाही."

"आठवत नाही, एवढंच सांगू दे ना तिला," नवरा म्हणाला.

"खोटं एकदा सापडलं की खरंही कुणी ऐकत नाही. आणि ताई, घाईत तुमचा हात पुढे गेला असला तरी तुमचा हक्क बुडत नाही. दांडी बांधून ठेवणं हा त्यांचा निष्काळजीपणा. फक्त तुमचं ते वाक्य ते सारखं पुढे करणार, तेवढी तयारी ठेवा."

घरी परतताना बरोबर आलेल्या सासूबाई एकदम म्हणाल्या, "त्या दुधाचं मीच विसरायचे गं."

"नाही हो आई, माझंच..." धाकटीने जीभ चावली.

कोर्टात मालकांच्या वकिलाने तिला तेच विचारलं. "म्हणाले," ती म्हणाली. आता ऑपरेशन कसलं आणि भरपाई कसली. एका वाक्यापायी सगळं मुसळ केरात गेलं, असं तिला वाटलं. आपल्या जिभेचा इतका राग तिला कधीच आला नव्हता.

मग मुकादम साक्षीला उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, भांगही नीट पाडलेला. दांडी सगळ्यांच्या सोयीसाठी बांधली होती, म्हणाला. वकीलबाई उठल्या.

"यांचं ते वाक्य तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"मी एकट्याने नाही, सगळ्यांनी."

"मशीनचा आवाज केवढा असतो. त्यात नीट ऐकू आलं?"

आपल्याला खोटं पाडताहेत असं वाटून मुकादम चिडला. "न ऐकायला काय झालं? दोनदा विचारलं मी, चूक कुणाची ते सांग म्हणून. पहिल्यांदा नुसतीच ओरडत राहिली. दुसऱ्यांदा स्पष्ट म्हणाली, माझंच चुकलं. ते सगळ्यांना ऐकवलं आणि मगच मी मशीन बंद करायचं बटण दाबलं."

मालकांच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. न्यायाधीशांनी मुकादमाला शेवटचं वाक्य पुन्हा सांगायला लावलं, आणि त्याने ते तितक्याच ठसक्यात पुन्हा सांगितलं. वकीलबाई आणखी काही न विचारता खाली बसल्या. आपण जिंकत आलो आहोत, हे नवऱ्याच्याही लक्षात आलं.

धाकटी मात्र आपल्या हाताकडे बघत होती. हात अडकल्याबरोबर मशीन बंद केलं असणार, असंच ती इतके दिवस धरून चालली होती. ती सासूबाईंकडे झुकली.

"आई," ती हळूच म्हणाली, "पहिल्यांदा विचारलं तेव्हाच म्हणायला हवं होतं हो मी."