सेनिसाची पाठ

उताराच्या ऐन तोंडाशी सेनिसा थांबली. काळ्या दगडांच्या दोन ढिगांमधून वाट खाली घसरते, तिथं तिनं पुढचे दोन्ही पाय रोवले आणि कान मागे टाकले.

"चल गं बाई," कासिमिरा हळूच म्हणाली. खेचराची दोरी ती कधी ओढत नसे. सेनिसानं पाऊल उचललं नाही.

मागून एवारिस्तो धापा टाकत आले. "तुमच्याकडं खेचरंही शुक्रवार पाळतात का हो? उपासानं त्राण गेलं असेल तिच्या अंगातलं."

"तुम्ही गप्प बसा," त्यांची बायको सोकोरो म्हणाली. "पाय कुठं टाकावा ते तिला कळतं. काल तंबूतून बाहेर पडताना तुम्हाला तेवढंही कळलं नाही."

एवारिस्तो मेहिकाली शहरात तीस वर्षं औषधाचं दुकान चालवून नुकतेच मोकळे झाले होते. दगड गोळा करायचा नाद जुनाच; दुकान मुलाच्या हवाली करून त्यांनी आता दगडांवरचं एक जाडजूड पुस्तक घेतलं होतं, आणि ते काखेत मारून नवराबायको तीन कुमारिकांच्या पायथ्याचं काळं रान बघायला आली होती. या तीन डोंगरांनी कोण जाणे कोणत्या काळी पोटातली आग ओकली, ती वाहत वाहत जिथं गोठली तिथं आजही गवताची काडी उगवत नाही. तीन दिवस एवारिस्तो प्रत्येक दगडापाशी बसत, पुस्तक उघडत आणि देवळात बोलावं तसं हलक्या आवाजात बोलत. कासिमिराला ते आवडलं होतं. दगडही देवानंच केलेत.

पण ही पाळी खरं तर तिच्या भावाची, इलारियोची होती. सान इग्नासियो गावात वाटाड्यांची यादी असते. प्रवासी आले, की ज्या घराची पाळी त्या घरानं खेचर काढायचं. फेब्रुवारीत इलारियो छपरावरून पडला आणि त्याचं कमरेचं हाड मोडलं. घरात दुसरा पुरुष नव्हता. यादीवाला त्रांकिलिनो म्हणाला होता, "बाईमाणसानं वाट दाखवायची आपल्यात रीत नाही, कासिमिरा. एक डाव बघू. पण प्रवाशांनी अभिप्रायाच्या वहीत वावगा शब्द लिहिला, तर तुमचं घर यादीतून गेलं म्हणून समज."

कासिमिरा सेनिसाच्या बाजूला आली. दोन्ही अंगांच्या चामडी पिशव्यांखाली तिनं आळीपाळीनं हात घातला आणि किंचित उचलून पाहिलं. रोज सकाळी जपमाळ झाली की हेच तिचं पहिलं काम. ओझं जड असलं तर चालतं, एकांगी असलेलं चालत नाही. सकाळी दोन्ही पारडी सारखी होती. आता डावी पिशवी चांगलीच खाली ओढत होती.

"दादा, दुपारच्या मुक्कामाला या पिशवीत काय घातलंत?"

"काही नाही. पाण्याची बाटली असेल."

पाणी हलतं. हे हलत नव्हतं.

खाली अर्ध्या तासाची सुट्या खड्यांची उतरण होती. एकीकडचं ओझं खोगीर ओढणार, खोगीर पाठ सोलणार, आणि सोललेली पाठ दोन-दोन महिने भरून येत नाही. ते बरं म्हणायचं. तोल गेला तर खेचर दगडांवर लोळत थेट तळाला. काही वाटाडे अशा वेळी दुसऱ्या पिशवीत तेवढाच धोंडा टाकतात आणि पाहुण्याचं मन राखतात. तसं करायला काहीच कष्ट नव्हते. वहीतला शब्दही गोड झाला असता. तिनं मनातल्या मनात एकदा मरियामातेचं 'नमो मरिये' म्हटलं. ते पुरं होईतो तिचं ठरलं होतं.

"दगड काढा, दादा. एकांगी ओझं घेऊन मी तिला ही उतरण उतरवणार नाही. हवेच असतील तर आपल्या पाठीवर घ्या."

ती इतकं हळू बोलली, की एवारिस्तोंनी "काय?" विचारलं. तिनं तेच, त्याच आवाजात पुन्हा सांगितलं.

त्यांचा चेहरा लाल झाला. "वहीत काय लिहायचं ते माझ्या हातात आहे, बाई. सान इग्नासियोत सांगितलंय मला."

"लिहा की. पण खाली पोचल्यावर. इथं कागद उडून जाईल."

आणि ती खडकावर बसली. सेनिसानं एक मागचा पाय सैल सोडला. दोघींनाही घाई नव्हती.

शेवटी सोकोरोनंच पिशवी उघडली. "अरे देवा. एक, दोन... अकरा! आपल्या पलंगाखाली आधीच पाय ठेवायला जागा नाही, माणसा."

एवारिस्तोंनी अकराच्या अकरा दगड पाठपिशवीत भरले. सेनिसा आपण होऊन चालू लागली.

पहिल्या वळणावरच एवारिस्तो थांबले. घाम पुसत त्यांनी एक करडा, भोकाभोकांचा दगड काढला. "याला तुम्ही काय म्हणता हो?"

"उपाशी दगड. पोटात काही नाही त्याच्या. पाण्यात टाका, तरंगेल."

"पुस्तकात एवढं लांबलचक नाव आहे याचं." त्यांनी दगड वाटेच्या कडेला ठेवला. दुसऱ्या वळणावर काळी, काचेसारखी चकाकणारी चीप निघाली.

"ही जपून धरा. आमचे आजोबा हिनं करडांची नाळ कापायचे. हातही कापते."

मग पिळलेल्या दोरखंडासारखा एक, मग विटेसारखा तांबडा. प्रत्येक वळणावर एवारिस्तो विचारत, ती सांगे, आणि पाठपिशवी हलकी होई. तळाला पोचले तेव्हा ती रिकामी होती.

"बरं झालं बाई," सोकोरो कासिमिराच्या कानाशी म्हणाली. "बेचाळीस वर्षांत मला त्यांना एक दगड टाकायला लावता आलं नाही."

दुसऱ्या दिवशी सान इग्नासियोत एवारिस्तो बराच वेळ वहीवर वाकून बसले होते. कासिमिरा दाराशी उभी होती. त्रांकिलिनोनं वही फिरवून घेतली आणि मोठ्यानं वाचलं, "'वाटाड्या बाईनं आमचं ऐकलं नाही.'" त्यानं कासिमिराकडं पाहिलं.

"पुढचं वाचा ना," सोकोरो म्हणाली.

"'म्हणून आम्ही चौघं धड उतरलो. यात एक खेचर धरलं आहे.'" त्रांकिलिनोनं डोकं खाजवलं. "आता हे चांगलं म्हणायचं का वाईट?"

"मी सही केलीये," एवारिस्तो म्हणाले. "पुढल्या खेपेला हीच बाई हवी, असं खाली लिहिलंय. चष्मा लावा."

त्रांकिलिनोनं चष्मा लावला. यादीतल्या इलारियोच्या नावाला त्यानं हात लावला नाही, पण त्याच्या शेजारी बारीक अक्षरात 'कासिमिरा' लिहिलं.

घरी इलारियो कुबडी टेकत अंगणात आला. खोगीर उतरवल्यावर त्यानं सेनिसाच्या पाठीवरून तळवा मानेपासून शेपटीपर्यंत फिरवला, केसांविरुद्ध एकदा, केसांबरोबर एकदा. कुठंही कातडं सोललेलं नव्हतं. "हं," एवढंच तो म्हणाला.

सकाळी जपमाळ ठेवून कासिमिरा बाहेर आली, तर तो सावलीत बसला होता. काट्याकुट्यांतून जाताना कमरेला बांधायची त्याची चामड्याची पायढाल मांडीवर होती, हातात भोकं पाडायची आरी.

"उभी राहा जरा, कासी."

ती उभी राहिली. त्यानं डोळ्यांनीच तिच्या कमरेचं माप घेतलं, पट्टा दगडावर धरला आणि जुन्या भोकांपासून चार बोटं आत एक नवं भोक पाडलं. मग उरलेलं टोक दातांत ताणून सुरीनं कापून टाकलं. आता तो पट्टा इलारियोच्या कमरेला पुरणार नव्हता.