इंजिनाचं तोंड

दुकानदाराने काचेवर दोन टर्नटेबलं मांडली आणि ससोबा दाराकडे बघू लागला. काही निवडायचं म्हटलं की त्याचं असंच व्हायचं. केस पिकले, छापखान्यात मुद्रितं तपासता तपासता नोकरीही संपली. पण मोठ्या बहिणीने लहानपणी ठेवलेलं ते नाव काही सुटलं नाही, आणि नावामागची भीतीही.

टर्नटेबल म्हणजे एक गोल खड्डा आणि त्यात फिरणारा पूल. इंजिन पुलावर घ्यायचं, पूल अर्धा फिरवायचा, की इंजिनाचं तोंड घराकडे. ताईच्या खेळण्यातल्या रेल्वेत तेवढंच राहिलं होतं. नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर तिने मागच्या बिनखिडकीच्या खोलीत एका मोठ्या टेबलावर डोंगर, बोगदा, स्टेशनं, सगळं आपल्या हातांनी उभं केलं होतं. "इतकी वर्षं माझं इंजिन उलट्या पावली घरी येतंय," ती म्हणायची. "मला मेलीला लाज वाटते."

पण आता तिचा एक डोळा कायमचा गेला होता आणि दुसऱ्याचं ऑपरेशन परवावर आलं होतं. डॉक्टरांनी हमी दिली नव्हती. त्याआधी इंजिन वळताना एकदा बघायचं, एवढंच तिने मागितलं होतं. आणि खड्ड्यासाठी टेबल कापायला, करवत धरायला घरात ससोबाशिवाय दुसरं कोण होतं?

त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेलं इंजिन काढलं, मागच्या कोळशाच्या डब्यासकट. लहान पुलावर ठेवलं तर डब्याची शेवटची चाकं बाहेर लोंबकळली. मोठ्यावर ते ऐसपैस बसलं.

"बरं केलंत काका, इंजिनच घेऊन आलात," दुकानदार म्हणाला. "लोक नुसतं इंजिन मोजतात, डबा विसरतात, आणि मग माझ्याशी भांडायला येतात."

"ताईने बजावलं होतं," ससोबा पुटपुटला. शाबासकीचीही त्याला धास्तीच वाटायची.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्याने टेबलावर कागदी साचा चिकटवला. साच्यावर दोन वर्तुळं होती.

"आतल्या रेघेवर काप," ताई स्टुलावरून म्हणाली. "बाहेरच्या रेघेवर कापलंस तर खड्ड्याची कड कशावर टेकणार? अख्खं प्रकरण खाली जाईल."

"ताई, सुताराला बोलावू या का?"

"सुतार उद्याच्या आत येतो होय कधी? चालव हात, ससोबा. लाकूड चावत नाही."

जीव मुठीत धरून त्याने करवत चालवली. भुसा नाकात गेला, घाम चष्म्यावर ठिबकला. शेवटी लाकडाची चकती सुटून खाली पडली, तेव्हा तोच दचकून मागे सरला. खड्डा जागेवर बसला, अगदी बेतात. ताईने कडेवरून बोट फिरवलं. तिने चूक काढली नाही म्हणजे काम चांगलं झालं होतं.

"तारा जोडल्यास? सोबतचं माहितीपत्रक नीट वाचलंस ना?"

"दोनदा वाचलं," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

इंजिन पुलावर आलं. ताई इतकी वाकली की तिचं नाक रुळांना लागायला आलं. ससोबाने खटका फिरवला. पूल सरकू लागला, अर्ध्यावर आला, आणि तडतड करून एक ठिणगी उडाली.

ससोबाचं धाबं दणाणलं. तो धावत सुटला तो थेट बाहेरच्या खोलीत, आणि सगळ्या घराचा मेन स्विचच खाली ओढला. चाचपडत परतला तेव्हा मागच्या खोलीत डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना इतका अंधार होता.

"जाळलं मी! ताई, सगळं जाळलं!"

अंधारात ताई हसली. "आता तुलाही माझ्याइतकंच दिसतंय. पत्रकात काय होतं रे?"

"छपाईच्या तीन चुका होत्या," तो रडवेला होऊन म्हणाला. आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं. जन्मभर जसं वाचलं तसंच त्याने हेही वाचलं होतं, अक्षर न् अक्षर. अर्थाकडे लक्षच नव्हतं.

"अरे वेड्या, पूल अर्धा फिरला की डावा रूळ उजवीकडे जातो. उलट्या तारा एकमेकींना भिडतात. त्यासाठीच तो छोटा स्विच दिलाय, तारांची अदलाबदल करायला. कुठंय तो?"

"खिशात. जास्तीचा वाटला मला."

"धन्य आहेस! आण इकडे."

"आधी मेन लावून येतो."

"नको." तिचा आवाज एकाएकी लहान झाला. "थांब. असंच, न दिसता करून बघू दे मला."

ती टेबलाखाली शिरली. तोही मागोमाग गुडघ्यांवर बसला. ताईला जुनी सवय होती, जोडीतल्या एका तारेला ती नेहमी गाठ मारायची. ती आता गाठी शोधत होती. "ही गाठीची. ही बिनगाठीची. धर." तिने तार त्याच्या हातात दिली, तेव्हा तिची बोटं त्याला लागली. बर्फासारखी गार होती आणि थरथरत होती.

ताईलाही भीती वाटते, हे इतक्या वर्षांत त्याच्या मनातही आलं नव्हतं. आपण घाबरायचं आणि तिने हसायचं, अशी घरातली कामाची वाटणीच होती. आता कोण कुणाला धीर देणार? त्याने तार घट्ट धरली.

पेचकस एकदा निसटला, पुन्हा निसटला. मग स्क्रू बसला.

"जा, मेन लाव. पण आधी इथल्या दिव्याचं बटण बंद कर."

तो जाऊन आला. अंधारातच ताईने त्याचा हात खटक्यावर ठेवला आणि स्वतःचं बोट पुलाच्या कडेवर टेकवलं. पूल घरघरत निघाला. ससोबाने डोळे मिटून घेतले, अंधारात त्याचा काही उपयोग नव्हता तरी. ठिणगी उडाली नाही. पलीकडे टक् असा बारीक आवाज झाला आणि पूल थांबला.

"वळलं," ताई म्हणाली. "पूर्ण वळलं रे. समजलं मला."

तिने इंजिनाच्या तोंडावरून बोट फिरवलं.

"आता दिवा लाव, ससोबा," ती म्हणाली. "एकदा बघूनही घेते."

त्याने भिंतीवर बटण शोधलं. भीती होतीच. पण या वेळी तो पळाला नाही.