नाव नंतर बदलू

मी एक जुना चल आहे. मित्रांनो, बीजगणितातल्या क्षला तुम्ही ओळखता. तो माझा चुलतभाऊ. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये आकडा ठेवायचा डबा म्हणजे मी. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मीठ, साखर असे लिहितात ना, तसे माझ्यावरही लिहायला हवे होते.

धायरीतल्या एका छोट्या कंपनीत समाधान नावाच्या तरुणाने मला घडवले. कसबा पेठेतल्या एका रुग्णालयात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी आईचे दूध साठवायचा फ्रिज होता. आतले तापमान किती अंशांवर गेले की भोंगा वाजवायचा, तो आकडा माझ्या पोटात होता: आठ. नाव मात्र ठेवले एक्स-टू.

"हे काय नाव आहे?" साहेब, म्हणजे प्रज्ञेश सर, म्हणाले.

"नंतर बदलतो, सर. आधी चालू तर होऊ दे."

मी चालू झालो. वीज गेली, दार उघडे राहिले, की भोंगा वाजे आणि दूध वाचे. कौतुक फ्रिजचे झाले. माझे बारसे राहूनच गेले आणि समाधान बंगळुरूला निघून गेला.

त्याच्या जागी तनुजा आली. दार जरा उघडे राहिले की भोंगा कोकलतो, अशी परिचारिकांची तक्रार होती. तनुजाने मला पाहिले. "दार किती सेकंद उघडं चालेल, ते असणार हे," असे म्हणून तिने माझे आठचे तीस केले. मला तोंड नाही, मित्रांनो. बोलणार ते माझे नाव, आणि तेच मुके! तक्रार थांबली, सगळे खूश झाले.

मग एका रात्री फ्रिज बिघडला. दूध तापत गेले, पण तीस अंशांपर्यंत पोचले नाही, आणि मी गप्प बसलो.

सकाळी हिरा आली, तिथल्याच एका बाळाची आई. तिच्या लेकीचे अजून बारसे व्हायचे होते, तरी प्रत्येक बाटलीवर तिने ठळक लिहिले होते, 'हिराची मुलगी'.

"हिराताई, हे आता बाळाला नाही हो देता येणार," परिचारिका म्हणाली आणि बाटल्या बेसिनमध्ये रिकाम्या करू लागली.

"सगळंच? अहो, मला कालपासून दूधच येत नाहीये."

तिचे ते रडणे मी विसरू शकत नाही.

तनुजाही रडली. आठ म्हणजे अंश, हे आता कळल्यावर तिने मला पुन्हा आठ केले. "सर, नावही बदलू?"

"नंतर. आधी चालू तर होऊ दे."

मित्रांनो, डबा ज्या हाताने भराल, त्याच हाताने त्यावर नाव लिहा. मी अजून एक्स-टूच आहे. आठ कशाचे, हे फक्त तनुजाला ठाऊक आहे. आणि तिने परवा राजीनामा दिला आहे.