उतारावरची हाक

थोरल्याच्या मुलाचं लग्न झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. लग्नात धाकटी बहीण तोंडावर रुमाल धरून बसली होती. "दाढ दुखतेय," म्हणाली. रुमालाखाली समोरचे दोन दात नव्हते. नवऱ्याने हातातल्या कुलपाने ते पाडले होते.

थोरला लाकडाच्या वखारीत ब्रेकवर होता. वखार उतारावर. वर ओंडक्यांची रास, खाली करवतीची शेड, मधे रूळ. ओंडके लादलेली गाडी त्या रुळांवरून आपल्याच वजनाने खाली जायची. बाहेरच्या जगात गाडी म्हणजे काहीही. कुणाची सायकल, कुणाची बस, तान्ह्याला फिरवायची चार चाकं. गाडी अडली म्हटलं तर संसारसुद्धा. वखारीच्या फाटकाच्या आत मात्र हा शब्द एकाच कामासाठी राखलेला. ब्रेक सोडण्याआधी वरचा माणूस "गाडी!" असं ओरडणार आणि खालचा, हातात असेल ते टाकून, रुळांबाहेर उडी मारणार. एरवी तो शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती. मालक मोटारीतून आला तर "डबा आला" म्हणायचे. नव्या माणसाने चुकून "माझी गाडी पंक्चर झाली" म्हटलं की अख्खी शेड बाजूला उडायची, आणि मग त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. थोरल्याला तर घरीही सुटका नव्हती. बायको "अहो, गाडी चुकेल," म्हणाली की हा उंबऱ्यातच बाजूला उडी मारायचा.

"माझं लग्न माणसाशी झालंय की बेडकाशी?" ती म्हणायची.

धाकटीच्या नवऱ्याला थोरल्यानेच वखारीत लावलं होतं. सगळे त्याला जावई म्हणत. खाली रुळांमधली साल आणि ढलप्या काढायचं त्याचं काम. अंगाने रेडा, कामावर हसतमुख. सगळा राग घरी नेऊन उतरवायचा.

लग्नानंतर काही दिवसांनी थोरला बहिणीकडे गेला. दार ढकललं तर ती मोरीपाशी बसलेली, एक कान रक्ताने भरलेला. जावई पट्टा हाताला गुंडाळत होता.

"या, पाहुणे," तो म्हणाला. "बहिणीला जरा शिकवतोय."

थोरल्याने त्याची गचांडी धरली. जावयाने त्याचा हात पिरगाळला, तोंड भिंतीवर आपटलं आणि बरगडीत गुडघा घातला. थोरला खाली बसला तेव्हा त्याच्या करंगळीचं हाड बाहेर आलं होतं.

"माझ्या बायकोचं मी बघीन. तू तुझा ब्रेक सांभाळ," म्हणून जावई बाहेर निघून गेला.

"चल माझ्याकडे," थोरला म्हणाला. "आत्ताच."

"तुझं दारही तोडेल तो, दादा. घरात नवी सून आहे." तिने कान पुसला. "तू मधे पडलास की त्याचं मागाहून माझ्यावर निघतं. पण एक सांगते, आता एकदा त्याचा तोल गेला तर मी काही उरत नाही."

सोमवारी थोरला हाताला पट्टी बांधून ब्रेकवर उभा राहिला. खाली करवत बंद होती, पातं बदलत होते. जावई एकटाच रुळांमध्ये वाकलेला, पाठ उताराकडे. गाडीवर ओंडके चढलेले, साखळी आवळलेली.

 थोरल्याने हाक न देताच ब्रेकचा दांडा वर केला.

चाकं फिरली. गाडीने वेग घेतला. थोरल्याने ओठ दातांखाली दाबून धरले होते. आणि गाडी निम्म्यावर असताना त्याच्याच नरड्यातून, त्याला न विचारता, ती हाक फुटली.

"गाडी!"

जावई उडाला. विचार करून कुणी उडत नाही तिथे, अंगच उडतं. गाडी शेडच्या खांबाला धडकली, साखळी तुटली, एक ओंडका त्याची पोटरी सोलत गेला. तो उठला. आधी गाडीकडे बघितलं, मग वर.

"आधी सोडलीस, मग ओरडलास," तो म्हणाला.

ओंडके ओढायचा लोखंडी आकडा घेऊन तो लंगडत उतार चढला. पहिला घाव थोरल्याच्या खांद्यात बसला, दुसरा कानामागे. चारजणांनी जावयाला ओढून बाजूला केलं.

"भाऊबंदकी घरी करा!" मुकादम ओरडला. "जावई, तू घरी जा. आज तोंड दाखवू नकोस."

"त्याला घरी पाठवू नका!" थोरला जमिनीवरून ओरडत होता. "इथेच कोंडा! पोलीस बोलवा! घरी नको!"

"आता कशाला घाबरतोस? जातोय ना तो," मुकादम म्हणाला. दोघांनी थोरल्याला दाबून धरलं आणि खांद्यावर फडकं बांधलं. तो त्यांना चावला तेव्हा कुठे सुटला.

बहिणीच्या घराचं दार उघडं होतं. शेजारीण जिन्यात उभी राहून रडत होती. धाकटी मोरीच्या कठड्यावर पडली होती, डोकं मागून फुटलेलं, श्वास चालू. जावई खाटेवर बसून पोटरीला फडकं गुंडाळत होता. थोरल्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. बहिणीला उचललं आणि रस्त्यावर आणलं.

धाकटी दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, दवाखान्यात वारली.