गोफणीच्या टप्प्यात

हवेवर चाबूक ओढावा तसा एक कोरडा, तुटक आवाज. त्यामागोमाग मातीच्या गोळ्याची सणसण. आणि मग पाखरांचा आख्खा थवा शाळूच्या कणसांवरून उठून आभाळभर विखुरलेला. ठकूबाई म्हटलं की मला आधी हे ऐकू येतं, चेहरा नंतर दिसतो. कऱ्हाटी गावाच्या पलीकडे जो उघडाबोडका डोंगर आहे त्याच्या पायथ्याशी, रब्बीच्या ज्वारीच्या मधोमध, चार मेढींवर बांधलेल्या माळ्यावर ती उभी असायची. डोक्याभोवती गोफण फिरवताना तिचा वाळलेला उजवा हात जे वर्तुळ काढायचा, त्यात पौषातलं सगळं निळं, थंड, निर्दय आकाश मावून जायचं.

वय सत्तरीच्या पुढचं. ऊन पिऊन पिऊन काळवंडलेली, हाडांवर ताणून बसवल्यासारखी त्वचा. काष्ट्याचं विटकं हिरवं लुगडं, कमरेला खोचलेला विळा, आणि कपाळावर आडवा हात धरून सदैव वर लागलेले दोन बारीक, ओलसर डोळे. त्या डोळ्यांत मला कधी कुतूहल दिसलं नाही. आम्ही पॅराग्लायडरवरून उडताना गावातली माणसं टाळ्या वाजवत, मुलं ओरडत बांधाबांधाने धावत. ठकूबाई मात्र आमच्याकडे पिकावर आलेल्या रोगाकडे पाहावं तशी पाहायची.

तिच्या घरात पूर्वी मेंढरं होती. दिवाळी झाली की कोकणाच्या वाटेला लागायचं आणि पावसाच्या तोंडावर माघारी यायचं, असं तिचं अर्धं आयुष्य चालण्यात गेलं होतं. पुढे मेंढरं गेली, नवरा गेला, मुलगा नोकरीपायी शहरात गेला आणि तिच्यापाशी उरलं ते डोंगराखालचं दीड एकर रान. जन्मभर दुसऱ्यांच्या बांधांवरून हुसकून लावलेल्या बाईला म्हातारपणी स्वतःचा बांध मिळाला होता. नेमक्या त्याच बांधावर आता आम्ही आभाळातून उतरत होतो.

आम्ही म्हणजे पाच जण. मी वालचंदनगरची, कंपनीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली, आणि आता त्याच कारखान्याच्या आराखडे काढणाऱ्या विभागात नोकरीला. भोंग्यावर उठणाऱ्या, सरळ रेषेत आखलेल्या आमच्या वसाहतीत माझं सगळं आयुष्य मोजूनमापून गेलं होतं, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर मी पॅराग्लायडिंग शिकले ते बहुधा त्या मापांचा सूड म्हणून. देवधर सर आमचे शिक्षक. हवाई दलातून निवृत्त झालेले, अल्पभाषी. दर रविवारी पहाटे आमची गाडी उसाचा हिरवा पट्टा मागे टाकून कऱ्हाटीकडच्या त्या कोरड्या, पिवळ्या मुलखात शिरायची. डोंगराच्या माथ्यावरून उडायचं आणि पायथ्याच्या पडीक रानात उतरायचं. हे पडीक रान भीमरावांचं, म्हणजे ठकूबाईच्या पुतण्याचं. त्यांनी हौसेने परवानगी दिली होती. पण डोंगर आणि ते पडीक रान यांच्या मध्ये ठकूबाईचा शाळू होता, आणि भीमरावांनी तिला विचारलं नव्हतं. आम्हीही नव्हतं.

तिचा राग अकारण नव्हता, हे मला आज लिहिताना सहज सुचतं. आमच्या पंखांच्या सावल्या डोंगरउतारावरून सरकल्या की झुडपांतली पाखरं ससाणा आला असं समजून उठायची आणि थेट तिच्या कणसांत लपायची. आम्हाला बघायला मोटारसायकलींवरून माणसं यायची आणि चांगलं दिसावं म्हणून तिच्या पिकात घुसायची. आमच्या एका रविवारी तिचा आठवड्याचा जागता पहारा मातीमोल व्हायचा. पण तेव्हा मला हे दिसत नव्हतं. दिसत होती ती फक्त एक खाष्ट म्हातारी, जी पाखरांसाठी भिजवलेले मातीचे गोळे आता आमच्यावर फेकू लागली होती.

पहिल्यांदा मी तिच्याशी बोलायला गेले तेव्हा खालून हात जोडून म्हणाले, "आजी, आम्ही तुमच्या पिकाला हात लावत नाही. उगाच गोफण कशाला मारता?"

माळ्यावरून तिने मला नखशिखान्त न्याहाळलं. "म्या तुजी आजी न्हाय," ती म्हणाली. "आन् हात लावत न्हाईस तर सावली कशापायी पाडतीस?"

मला हसू आलं, आणि ते मी लपवलं नाही. म्हणाले, "हवा काही तुमच्या सातबाऱ्यावर नाही, आजी."

वाऱ्याने शाळूची पाती एकमेकांवर घासत होती. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "हवा न्हाय माज्या नावावर. पर तू जितं पडशील ना, ती जमीन माजी हाय."

त्या दिवसापासून आमच्यात वैर जडलं. तिच्या बाजूने ते उघड होतं, म्हणून स्वच्छ होतं. माझ्या बाजूने ते सुशिक्षित होतं, म्हणून अधिक हिणकस. मी भीमरावांकडे तक्रार केली. ते ओशाळून म्हणाले, "मॅडम, चुलती कुणाचंच आयकत न्हाय. तुमी मनावर घिऊ नका." मी मात्र ते पुरेपूर मनावर घेतलं.

आणि मग जानेवारीअखेरचा तो रविवार आला. सकाळ अशी स्वच्छ होती की दूरवर कऱ्हेच्या पात्रातली वाळूही मोजता आली असती. वारा डोंगराच्या छातीवर समोरून, एकसारखा येत होता. पहिल्या उड्डाणात मी अर्धा तास कडेकडेने तरंगत राहिले. खाली शाळू हुरड्यावर आला होता, कणसं जडावून एका बाजूला झुकली होती, आणि त्या फिकट हिरव्या पिकात ठकूबाई एखाद्या काळ्या खुणेसारखी उभी होती. उतरताना मी नेहमीपेक्षा थोडी खाली आले असेन. गोफणीचा आवाज आला आणि डोक्यावरच्या पंखावर टप् असं काहीतरी आदळलं. पंख नवा होता, नारिंगी, जेमतेम महिन्याचा. फाटला नाही, नुसता मातीचा एक तांबडा डाग उमटला. पण माझ्या मनात जे उसळलं त्याला राग हा शब्द अपुरा आहे.

पुन्हा माथ्यावर आल्यावर सरांना मी काही सांगितलं नाही. ऊन तापू लागलं होतं. माथ्यावरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी विंडसॉकची पिशवी मधूनच फुगायची, मधूनच गळून पडायची आणि अचानक उलटी वळायची. सर तिच्याकडे बघत म्हणाले, "आज इथेच थांबू. जमिनीतून झोत उठायला लागलेत."

"एकदाच, सर," मी म्हणाले. "सरळ जाते आणि उतरते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नंदिनी, हे वाऱ्याला विचार. मला नको." पण त्यांनी अडवलंही नाही; बाकीचे पंख गुंडाळायला ते वळले तेवढ्यात मी धावले आणि माथा माझ्या पायांखालून निसटला.

मी सरळ गेले नाही. मी मुद्दाम वळण घेतलं, उंची टाकत आणली आणि ठकूबाईच्या माळ्यावरून, तिच्या डोक्यावरचा पदर उडेल इतक्या खालून गेले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिने मान खाली घातली, बसकण मारली, आणि त्या एका क्षणात मला जो आनंद झाला त्याची लाज मला त्या क्षणी वाटली नाही. मी पुन्हा वळले. तिला पुन्हा वाकवायचं होतं.

दुसऱ्या वळणाला हवाच नाहीशी झाली. जिन्यावर शेवटची पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं झालं. बाजूच्या पडीक रानातून एक वावटळ उठली होती. तिने आजूबाजूची हवा शोषून घेतली आणि मग तीच माझ्यावर फेकली. पंखाची एक बाजू मिटली, मी गरकन फिरले आणि शाळूच्या ताटांमध्ये डाव्या कुशीवर कोसळले. मनगटात काहीतरी मोडल्याचा आवाज मला हाडातून ऐकू आला.

पण पडणं हा शेवट नव्हता. वाऱ्याने पंख पुन्हा फुगवला. उभारलेल्या शिडासारखा तो माझ्यासमोर ताठ झाला आणि पट्ट्यांनी बांधलेली मी त्याच्यामागे फरफटू लागले. अशा वेळी दोऱ्या ओढून पंख पाडायचा असतो; माझा डावा हात हलत नव्हता आणि उजवा फरफटताना अंगाखाली सापडला होता. ताटं कडाकड मोडत होती. कणसं तोंडावर आपटत होती. तोंडात माती, डोळ्यांत माती, आणि त्या मातीतून मला दिसलं की नारिंगी पंखाच्या खाली जमीन एकाएकी संपते आहे. ठकूबाईच्या रानातली ती विहीर होती. तिला कठडा नव्हता.

मग एक सावली आडवी आली. ठकूबाई माळ्यावरून कधी उतरली, कशी धावली, मला ठाऊक नाही. तणाणलेल्या दोऱ्यांचा जुडगा तिने डाव्या मुठीत पकडला, टाचा मातीत रोवल्या, आणि उजव्या हाताने कमरेचा विळा ओढून एका घावात, दुसऱ्या घावात, तिसऱ्या घावात त्या दोऱ्या कापून काढल्या. तार तुटावी तसे आवाज होत गेले. पंख एका बाजूने उडाला, भेलकांडला, आणि विहिरीच्या तोंडावर चिंधीसारखा पडून राहिला.

मी थांबले. वारा थांबला नव्हता, पण मी थांबले.

माझे पहिले शब्द काय होते ते मला नेमके आठवतात, आणि आठवू नयेत असं फार वाटतं. मी ओरडले, "काय केलंत हे! माझा नवा पंख कापलात!"

ती धापा टाकत उभी होती, आणि तिचा डावा हात तिने पदराखाली घेतला होता. सर डोंगर उतरून आणि भीमराव बांधावरून धावत आले. सरांनी मला उचलण्याआधी माझ्या पायांपासून विहिरीपर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं. ते तीन पावलं होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा कुठे मला कळलं, आणि मी रडत, तोतरत तिला म्हणाले, "आजी, तुम्ही मला वाचवलंत."

"तुला वाचवाय न्हाय कापलं," ठकूबाई म्हणाली. आवाजात कणभरही ओल नव्हती. "माजा शाळू वाचवाय कापलं. तू हिरीत पडली असतीस तर पोलीस आलं असतं, पंचनामा झाला असता, बघाय समदा गाव आला असता. समदं रान तुडवलं असतं. ऊठ आता. कणसांवरनं ऊठ."

मला गाडीत बसवताना भीमराव चुलतीचा हात धरून काहीतरी विनवत होते. पदर सरकला तेव्हा मी पाहिलं. ताणलेल्या दोऱ्यांनी तिचा तळवा चिरला होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि हिरव्या लुगड्यावर रक्ताचा मोठा काळसर ओघळ उतरला होता. दवाखान्यात चला म्हटल्यावर तिने हात हिसकावून घेतला. सरांनी मला एकटीलाच बारामतीच्या दवाखान्यात नेलं.

तीन आठवड्यांनी, हात प्लास्टरमध्ये घेऊन, मी तिच्याकडे एक लुगडं घेऊन गेले. काढणी सुरू झाली होती. तिच्या तळव्याला हळद आणि चिंधी बांधलेली होती, आणि त्याच हाताने ती ताटं धरत होती. लुगड्याची घडी तिने बघितलीसुद्धा नाही.

"माघारी ने."

"मग मी काय करू? काहीतरी सांगा."

तिने रानाच्या मधोमध पडलेल्या त्या लांबलचक पट्ट्याकडे बोट केलं, जिथून मी फरफटत गेले होते. ताटं तिथं आडवी होऊन सुकली होती आणि अर्धवट भरलेली कणसं मातीला टेकली होती. "त्यो तू पाडलास," ती म्हणाली. "त्यो तूच येच."

मी एका हाताने कणसं वेचायला बसले. दुपार टळून ऊन तिरपं होईपर्यंत आम्ही दोघी त्या रानात होतो, ती उभ्या पिकात, मी पडलेल्यात, आणि आमच्यात एका शब्दाचीही देवघेव झाली नाही. तिने पाणी विचारलं नाही. मी मागितलं नाही. वेचलेल्या कणसांचा ढीग तिच्यासमोर नेऊन ठेवला, तेव्हा वाटलं, आता तरी ती काही म्हणेल. तिने मूठभर कणसं उचलली, हाताने चोळली, पोचट दाणे फुंकून उडवले आणि मान न वळवता म्हणाली, "जा आता. परत हितं येऊ नगंस."

मी गेले नाही परत. सरांशी बोलून आम्ही ती जागाच सोडली. पुढच्या वर्षी भीमरावांचा फोन आला, तो ती वारल्याचं सांगायला. पावसाळ्यात, दोन दिवसांच्या तापाने. मी विचारलं, कधी माझं नाव काढलं होतं का तिने? ते बिचारे संकोचले. मग म्हणाले, "न्हाय मॅडम. खोटं कशाला बोलू."

माझे आई-वडील गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि त्यांच्या आठवणी माझ्या मायेच्या हाताने इतक्या वेळा कुरवाळल्या गेल्या आहेत की त्यांचे खरे चेहरे कोणते आणि मी घडवलेले कोणते, हे मला सांगता येत नाही. ठकूबाईला मी कधी कुरवाळलं नाही, तिने मला ती मुभाच ठेवली नाही. म्हणून असेल, गेलेल्या सगळ्या माणसांत ती एकटीच माझ्यापाशी जशी होती तशी उरली आहे: कठोर, पुरती, आणि काळालाही आपल्या बांधावर पाऊल ठेवू न देणारी.