झाकलेल्या वाट्या

आमच्या इथल्या मराठी मंडळातली निम्मी माणसं गाड्यांच्या कारखान्यात आहेत. एक बोल्ट तुटला तर तो का तुटला हे शोधायला महिना घेतात. मीही तेच करते, क्वालिटीत आहे. मीटिंगमध्ये कुणी 'मला वाटतं, वेल्डिंगचा दोष असेल' म्हणालं की आमचा जर्मन साहेब चष्मा काढतो आणि विचारतो, डेटा कुठाय. आणि हीच माणसं शनिवारी रेगेन्सबर्गमध्ये कुणाच्या तरी घरी, हातात चिवड्याची वाटी घेऊन, एका बाईला अडीच मिनिटांत फाशी देतात. या देशात फाशी नाही, हेही त्यांना आडवं येत नाही.

ती बाई टागेसमुटर. म्हणजे स्वतःच्या घरी चारपाच लहान मुलं सांभाळणारी. तिच्याकडे दोन वर्षांचा एक मुलगा दुपारी झोपला तो उठलाच नाही. सरकारी वकील म्हणाला, हिनं त्याला गदागदा हलवून मारलं. काही डॉक्टर म्हणाले, बरोबर. काही म्हणाले, त्याला आधीपासून आजार होता. शेवटी कोर्टानं तिला सोडलं. पेपर पेटले, टीव्ही पेटला, आणि एरवी कढीपत्ता कुठे मिळतो यापलीकडे न जाणारा आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही पेटला. त्या पोराचं नाव काय, असं मी ग्रुपवर विचारलं. एकालाही माहीत नव्हतं.

आमचा ग्रुप पेटायला वेगळं कारण होतं. इथे खुनाच्या खटल्यात तीन न्यायाधीशांच्या शेजारी दोन साधी माणसं बसतात, त्यांना शोफेन म्हणतात. वकील नसलेली, पण मत बरोबरीचं. पाचातली चार मतं पडल्याशिवाय कुणी दोषी ठरत नाही. म्हणजे ती दोघं अडून बसली तर तिघं न्यायाधीश काही करू शकत नाहीत. आणि त्या दोघांपैकी एक होती सुनेत्रामावशी.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. तासभर ट्रेनच्या अंतरावर दुसऱ्या गावात राहते. पासपोर्ट जर्मन, थालीपीठ नाशिकचं. मला आई नाही. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात मला रक्त जायला लागलं तेव्हा माझा नवरा निहार कामासाठी बॉनला गेला होता. मावशी मिळेल ती ट्रेन पकडून आली आणि दवाखान्यात माझ्या पायाशी बसून राहिली. 'काही होणार नाही' असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली, "काय होईल मला माहीत नाही गं. पण मी इथे आहे." त्याच दिवशी मी ठरवलं, बाळ राहिलं तर डोहाळजेवणाची पहिली ओटी हिच्या हातून.

बाळ राहिलं. सातवा लागला, सांगलीहून सासूबाई आल्या, आणि बरोबर त्याच आठवड्यात निकाल लागला.

मंडळाच्या बायकांची पुढारी अहिल्या. तिनं लांबलचक व्हॉइस मेसेज टाकला. "आपल्याच एका बाईनं त्या राक्षसिणीला सोडवलंय. मी नाव घेत नाही." नाव घेतलं नाही, फक्त ती कुठल्या स्टेशनाजवळ राहते ते सांगितलं. माझ्याच टीममधल्या रुपेशनं लिहिलं, 'मी फोटोत त्या बाईचे डोळे बघितलेत. एकदम थंड.' मी लिहिलं, 'इथे आरोपीचा चेहरा पुसून फोटो छापतात रे. तू कुठले डोळे बघितलेस?' त्यानं अंगठा पाठवला.

तो व्हॉइस मेसेज सासूबाईंनी दोनदा ऐकला. मग माझ्यासमोर येऊन बसल्या.

"ऊर्मिला, पहिली ओटी दुसऱ्या कुणाकडून भरून घेऊ. लेकराला मारणारी जिच्यामुळे सुटली, तिच्या हातून नको."

"आई, तिनं काय मत दिलं ते कुणालाच ठाऊक नाही. जन्मभर सांगायचं नाही असा कायदा आहे. कदाचित तिनं दोषीच म्हटलं असेल."

"मग तसं सांगावं ना. गप्प बसते म्हणजे काहीतरी आहेच."

"गप्प बसते कारण गप्प बसायचं असतं."

"कुणाला जमतंय ते? माझ्या जन्मात मी असं माणूस पाहिलं नाही."

"मग मी हिरवी साडी नेसणार नाही. आणि डोहाळजेवणही नको."

ती साडी त्यांनी सांगलीपासून मांडीवर ठेवून आणली होती, विमानाच्या पोटात टाकली नव्हती. मला ते माहीत होतं, तरी बोलले. त्यानंतर आम्ही दोघी निहारमार्फत बोलत होतो. 'आईला सांग, चहा झालाय.' 'तिला सांग, साखर कमी आहे.' निहार टेनिसच्या चेंडूसारखा इकडून तिकडे. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "येऊ दे तिला. ओटीचं मी त्या वेळी बघेन." मी साडी नेसायचं कबूल केलं. पण भर बायकांत त्यांनी मावशीला डावललं असतं तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही.

रविवारी घर फुलून गेलं. झोपाळा म्हणून आम्ही बाल्कनीतली टांगती खुर्ची आत आणून झेंडूनं मढवली होती. श्रीखंड क्वार्कचं, म्हणजे इथल्या चक्क्याचं, पेढे दूधपावडरचे, कोथिंबीर वड्या मात्र अस्सल. खालच्या मजल्यावरची फ्राउ बाउअर दर रविवारी आवाजाची तक्रार घेऊन वर येते, म्हणून या वेळी तिलाच आमंत्रण दिलं होतं. ती केसात गजरा माळून पहिल्या रांगेत बसली आणि डोहाळ्याच्या गाण्यांना सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवायला लागली.

मावशी आली तशा सगळ्या माना दाराकडे वळल्या. तिच्या मागून तिचा नवरा प्रताप डबे सांभाळत आला. मावशीनं कुणाकडे पाहिलं नाही, सरळ स्वयंपाकघरात गेली. पेढा-बर्फीच्या खेळाच्या वाट्या तिनं लावायच्या होत्या. दोन वाट्या, दोन झाकणं, एकीत पेढा आणि एकीत बर्फी. मी झाकण उचलायचं. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. आम्ही डॉक्टरला विचारलं नव्हतं, त्यामुळे या खेळाला भलताच भाव होता.

मी पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थबकले. आत सासूबाई होत्या.

"कुठल्या वाटीत काय ठेवलंत?"

"ठेवलंय खरं, कुंदाताई. पण सांगणार नाही."

"अहो, मला एकटीला सांगा. तीन मुलगेच झाले मला. नात हवीये. मी ऊर्मिलेला डोळ्यानं खूण करेन."

"नाही."

"कांदा-लसूण चटणी आणलीये सांगलीहून. डबाभर देते."

"चटणी घेईन. वाटी नाही सांगणार."

"इथे आपण दोघीच तर आहोत."

"त्या खोलीतही आम्ही पाचच होतो, कुंदाताई."

सासूबाईंचा हात हळूच वाटीकडे गेला. मावशीनं झाकणावर तळहात ठेवला, कसलाही राग न करता, जसा आपण झोपलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतो.

"झोप लागते का हो तुम्हाला?" सासूबाईंनी हात मागे घेत विचारलं.

"आता लागते. त्याची आई रोज समोरच्या बाकावर बसायची. आणि ती दुसरी तिच्यापासून पाच पावलांवर. दोघींकडे बघायला लागायचं. बाकीचं विचारू नका."

सासूबाईंनी कोकम सरबताचा पेला भरला आणि तिच्या हातात दिला. मी पाणी न पिताच पळाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

बाहेर येऊन सासूबाईंनी ओटीचं ताट उचललं. तांदूळ, नारळ, खण, हळकुंडं. टाळ्या थांबल्या. फ्राउ बाउअरलाही कळलं की काहीतरी आहे.

"पहिली ओटी सुनेत्राताई भरतील."

"काकू," अहिल्या म्हणाली, "तुम्ही तर फोनवर मला म्हणालात..."

"म्हणाले होते. तेव्हा मी त्यांना भेटले नव्हते. तूही त्यांच्याशी आज बोललेली नाहीस. एवढ्या गर्दीत एकाच तोंडाला झाकण आहे. माझ्या सुनेला माझ्याबद्दल कुणाशी तरी बोलावं लागेलच की. त्याला असंच माणूस पाहिजे."

पहिल्यांदा हसला प्रताप, मग मी, मग सगळेच. मावशीनं माझी ओटी भरली. तांदळाचे दाणे साडीवरून खाली सांडले, आणि मी रडले. रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते राहिलं.

"आता नाव घ्या, सुनेत्राताई," अहिल्या हार मानणारी नव्हती. "आणि उखाण्यात तरी सांगून टाका काय ते."

मावशीनं पदर सावरला.

"चांदीच्या वाटीला चांदीचं झाकण,
प्रतापरावांना सांगितलं नाही, तिथं तुम्ही कोण?"

घर दणाणलं. प्रताप म्हणाला, "खोटं वाटेल तुम्हाला, पण खरंय. मी भांडी घासून झाली, पाय चेपून झाले. अक्षर नाही."

मग वाट्या आल्या. रुपेश म्हणाला, "पोट पुढे आहे, पेढा. शंभर टक्के." मी म्हटलं, "डोळेही बघून घे माझे." अहिल्या म्हणाली, "चेहरा उतरलाय, म्हणजे मुलगाच. मी आजवर चुकलेली नाही." सगळं घर पेढ्याच्या बाजूनं. निहारनं फ्राउ बाउअरला खेळ समजावून सांगितला आणि तिचं मत विचारलं. ती म्हणाली, "मला कसं कळणार? मी तर आत पाहिलेलं नाही." मावशीनं तिच्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोट धरून हसली.

मी डावं झाकण उचललं. बर्फी.

सासूबाईंनी फ्राउ बाउअरला मिठी मारली, कारण तीच जवळ होती.

"मला वाटलंच होतं," अहिल्या म्हणाली, आणि वाटीतला अर्धा तुकडा उचलून तोंडात टाकला. मला राग यायला हवा होता. पण तिनं उरलेला अर्धा जाऊन मावशीच्या हातावर ठेवला, काही न बोलता. एवढं पुरे, म्हटलं मी. अहिल्येच्या मानानं हे फार झालं.

निघताना सासूबाईंनी मावशीला दारात थांबवलं. चटणीचा डबा दिला आणि तिच्या कानात काहीतरी बोलल्या. बराच वेळ. मावशीनं फक्त मान हलवली.

मी तिला जिन्यात गाठलं. "काय म्हणाल्या गं?"

"चटणी फ्रीजमध्ये ठेवा म्हणाल्या."

"एवढा वेळ?"

मावशी हसत जिना उतरून गेली.

वर येऊन मी निहारला म्हटलं, "आई नक्की माझ्याबद्दल काहीतरी म्हणाल्या असणार. मी त्यांचा चेहरा बघितला ना."

निहारनं चष्मा काढला. "डेटा कुठाय?"

उरलेली बर्फी मी एकटीनं संपवली. त्याला दिली नाही.